रा, मीम, काफ

वलात्यात रात्रभर वाळू दाराखालून आत येते
आणि सकाळी आम्ही ती उंबऱ्याबाहेर लोटतो.
बाबांच्या छातीतला श्वासही आता तसाच,
येतो, लोटला जातो.

शेजारची महजूबा कफनाचं कापड मोजून गेली.
सहा हात.
जाता जाता पुन्हा पलंगाकडे बघून म्हणाली, सात आण.

मी लाकडी पाटी मांडीवर घेतली
लहानपणी घ्यायचे तशी,
आणि विचारलं, आज कुठलं मूळ?
ओठ हलले. रा. मीम. काफ.

रा जिभेच्या शेंड्यावर थरथरतो,
मीमला ओठ मिटावे लागतात,
आणि काफ पार घशाच्या तळाशी,
कोरड्या विहिरीत पोहरा आपटावा तसा.
(बाजारात आम्ही त्याचा ग करून टाकतो.
घरात केला की छडी.)

रमक, मी म्हटलं. धुगधुगी.
कुडीत उरलेला शेवटचा जीव.
तो अर्थ उंटवाल्याच्या पोरालाही येतो,
बाबा म्हणाले. पुढे.

रमका, त्यानं पाहिलं,
जाणाऱ्याच्या मागे नजर पाठवून पाहिलं.
यरमूक, ज्याला धड दिसत नाही तो.
एकाच मुळाला डोळाही फुटतो
आणि डोळ्यावरचं पांढरं पटलही.
यावर ते काही बोलले नाहीत.
नऊ वर्षं ते पानं बोटांनी वाचतात.

रुमका, जीव तगेल एवढंच अन्न.
याला उदाहरण विचारू नका,
दुष्काळाच्या सालात आम्ही तोच शब्द जेवलो.
रम्मका, काम कसंबसं उरकलं, पाट्या टाकल्या,
पखालीला ठिगळ लावलं ते आजच्या पाण्यापुरतं.
अरमाक, विरत चाललेला दोर.

मुरामिक.
इथं मी थांबले.
ज्याच्या मनात तुमच्याविषयी माया
थोडीशीच उरली आहे, असा माणूस.
सिदाती समुद्रापलीकडे मासळीच्या बर्फात काम करतो,
ईदेला फोन करतो,
पैसे पोचले का एवढं विचारतो.
"थोडी," बाबा म्हणाले.
"कोशात नाही असं लिहिलेलं नाही.
थोडी आहे असं लिहिलंय. नीट वाच."

मग रामिक. हा मला कधीच आवडला नाही.
ससाणा धरायला पारधी बांधून ठेवतात ते घुबड.
पायाला काळी चिंधी, लांब दोरी,
पापण्या शिवलेल्या.
कोशकाराला शंका आहे, शब्द अस्सल अरबी नसावा.
बाबा हसले, हसण्याचा खोकला झाला.
"घुबडाला कुळ कोण विचारतो?
बघण्याच्या मुळात बसवून
त्याचे डोळे शिवले, ते बघ."

मी वाटी ओठांना लावली.
एक घोट. थांबणं. एक घोट.
"यालाही शब्द आहे. विसरलीस."
विसरले होते. तरम्मका.
घोटाघोटानं पिणं.

बाहेर शेळी ओरडली.
कास भरलीय तिची, मी म्हटलं, आज-उद्या विईल.
"रम्मिक, रम्मिक!"
एवढा मोठा आवाज कित्येक दिवसांत निघाला नव्हता.
जुनी म्हण आहे ती.
मेंढीची कास भरली तर दावी वळायला घ्या,
शेळीची भरली तर दम धरा,
शेळी फार आधीपासून कास मिरवते.
"महजूबाला जाऊन सांग,
माझी अजून नुसती कास भरलीय."

त्याला आज अकरा दिवस झाले.
शेळी व्यायलेली नाही.
कापड पेटीत आहे, सात हात,
मी वर चार भांडी ठेवलीत.
पहाटे वाटी घेऊन बसते,
पाटीवरचं वाचून दाखवते,
आणि अधूनमधून, मुद्दाम,
काफचा ग करते.
पांघरुणाखाली हात हलतो,
छडी चाचपतो.